कोकमाचा पेला

"अगं, रक्त कुठलं? कोकम सरबत आहे ते. मीच दिलं मघाशी पेलाभर," चादरीवरची लाल उलटी पुसत वन्सं म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

माझ्या शाल्मलीचे टॉन्सिल काढून आज सातवा दिवस. लाल काही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते वन्संना सांगायचं मीच विसरले. सकाळपासून पोर झोपेत सारखी आवंढे गिळत होती. घसा मोकळा होतोय, असं समजून आम्ही सुखावलो होतो.

तरी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "सरबत किती प्यायली? आणि सारखी गिळतेय का?"

"बघून सांगते," म्हणत मी पेला शोधू लागले. तो खिडकीत सापडला, पडद्यामागे. काठोकाठ भरलेला.

"दुखत होतं गं आई," शाल्मली पुटपुटली. "आत्याला सांगू नकोस."

डॉक्टरांना मी काय सांगितलं, आठवत नाही. "तोंड खाली राहू द्या, लगेच आणा," एवढंच ऐकू आलं.

चपला न घालताच तिला उचलून मी जिना उतरू लागले. माझ्या खांद्यावर तोंड टेकून तिनं पुन्हा आवंढा गिळला.