तांब्यावरचा टोबायस

लंडनबाहेरच्या माळावर टोबायस नुसत्या मुठींनी लढत होता, आणि त्याच वेळी त्याची बहीण हेस्टर छापखान्यात त्याच्या चित्राच्या प्रती काढत होती. लढत सुटली की लोक चित्र घ्यायला धावतात.

चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा शाई सहज पसरावी म्हणून निखाऱ्यांवर तापवायचा, मग ती भरायची, वरची शाई उघड्या तळहाताने पुसायची आणि कागदावर दाबायचा. हेस्टरचा हात यात बसलेला होता.

चौथ्या प्रतीत टोबायसचा डावा डोळा सुजलेला निघाला.

"शाई नीट पूस गं," मालक पार्गिटर खेकसला. "भावाला आंधळा करतेस का?"

तिने पत्रा निरखला. त्यावर डोळा टक्क उघडा होता. पाचव्या प्रतीत मात्र तो मिटलेला निघाला, आणि ओठही फाटलेला.

"मालक, मी नाही काढत आता."

"अगं बये, गिऱ्हाईक येईल एवढ्यात! एकच काढ, मी उभा राहतो इथे."

तिने पत्रा परत तापायला ठेवला. शाई भरली, पण ती पसरेना. पार्गिटरने भाता मारला, निखारे लालबुंद झाले. हेस्टरने न राहवून पत्र्यावरच्या भावाच्या गालावर तळहात टेकवला.

"अगं, भाजशील!" पार्गिटर ओरडला.

ती भाजली नाही. निखाऱ्यांवरचं तांबं बर्फासारखं गार पडलं होतं.