कोडीचं विधेयक

सकाळची प्रार्थना संपली आणि सगळे खाली बसणार, तेवढ्यात डिलेना आपल्या बाकावरून उठून थेट पुढे गेली. सभापतींच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत तिने चक्क जमिनीवर बैठक मारली. बंदुकांच्या कायद्यावर चर्चा घ्या, तोवर उठणार नाही, असं तिने खणखणीत आवाजात सांगून टाकलं. तिच्यामागोमाग विरोधी बाकांवरचे एकेक आमदार गेले. कुणी कोट काढून बसलं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत.

"मार्सेला, ये ना! तुझ्यासाठी जागा धरलीय," डिलेनाने हाक मारली.

मार्सेला ट्रिपलेटने मान हलवली. विरोधी बाकांवर ती एकटीच उरली होती.

सभागृहाचा नियमच तसा होता. त्या जागेत जाऊन बसलेल्या आमदाराला दिवसभर ना चर्चेत बोलता येत होतं, ना मत देता येत होतं, ना विधेयक मांडता येत होतं. आणि मार्सेलाला आज विधेयक मांडायचं होतं. घरात मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवायची, एवढंच त्यात होतं. लुअ‍ॅन पर्किन्सच्या मुलाने, कोडीने, आजोबांच्या उशाजवळच्या खणातलं पिस्तूल खेळायला घेतलं होतं, आणि त्यातच तो गेला होता. म्हणून सगळे या विधेयकाला कोडीचंच विधेयक म्हणत. आज मतदान आहे म्हणून लुअ‍ॅन सकाळीच येऊन वरच्या गॅलरीत बसली होती.

सत्ताधारी पक्षाच्या हॉलिस व्हिटफील्डने कालच शब्द दिला होता. "उद्या ती डिलेना काहीतरी तमाशा करणार, कानावर आलंय माझ्या. तू त्यात पडू नकोस. जेवणानंतर तुझं विधेयक घ्यायला लावतो. आमच्यातली मतंही आणतो, पुरतील एवढी." हॉलिस हरणांची शिकार करणारा माणूस, घरात बंदुकांचं कपाट, पण शब्दाचा पक्का. मार्सेलाने त्याच्या हातावर हात मारला होता.

सभापती तावातावाने उठून गेले. सभागृहातले कॅमेरे बंद झाले, तसे खाली बसलेल्यांनी आपापले फोन वर धरले. बाहेरच्या पायऱ्यांवर जमलेल्या गर्दीचा आवाज आतपर्यंत येऊ लागला. त्यांच्यातल्या कुणीतरी बंदुकीने गेलेल्या मुलांची नावं वाचायला घेतली. वाचता वाचता कोडीचंही नाव आलं. मार्सेलाने समोरचे कागद उगाच सरळ केले. ते नाव तिने स्वतः घ्यायला हवं होतं, आणि ते घेणारा माणूस जमिनीवर बसलेला होता. तिला लाज वाटली. दुपार होऊ दे, तिने स्वतःला बजावलं. नावं वाचून कुलपं लागत नाहीत, कायद्याने लागतात.

जेवणाची वेळ टळून गेली. मग सभापती आले, डिलेनाशी वाकून काहीतरी बोलले, आणि माइकपाशी येऊन त्यांनी जाहीर केलं, की या सदस्यांच्या मागण्यांवर सोमवारी समितीसमोर जाहीर सुनावणी होईल. खाली बसलेले उठले. एकमेकांच्या गळ्यात पडले. त्याच दमात सभापतींनी यंदाचं अधिवेशन संपल्याचा हातोडा आपटला. कोडीचं विधेयक कुणी पुकारलंच नाही.

मार्सेलाने हॉलिसला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

"शब्द दिला होतास तू."

"मागितलं गं मी. दोनदा मागितलं." हॉलिस हातातली टोपी फिरवत होता. "सभापती म्हणाले, जे खाली बसलेत त्यांना उठवायचंय, तर त्यांना काहीतरी द्यावं लागणार. मार्सेलाला कशाला? ती तर खुर्चीतच बसलीय."

"मग सोमवारच्या सुनावणीत तरी घ्या."

"बसलेल्यांचीच विधेयकं घेणार आहेत. तुझं आता पुढच्या वर्षी." तो जरा घुटमळला. "मी तुला अडवायला नको होतं, मार्सेला. खरंच नको होतं. तू पण बसली असतीस ना, तर..."

 हॉलिस टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला.

मार्सेला गॅलरीच्या जिन्याकडे निघाली. लुअ‍ॅनला काय सांगायचं, ते पायरीगणिक बदलत होतं. शब्द मिळाला होता, हे सांगावं. मी भोळी ठरले, हे सांगावं. चढून अर्ध्यावर पोचते, तोच लुअ‍ॅन वरून उतरताना दिसली. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा शांत.

"नाही घेतलं ना त्यांनी? कळलं मला," ती म्हणाली. "जाऊ द्या, मिस मार्सेला. मी काही तुमच्यावर रागावले नाही. आज माझ्या कोडीसाठी मोठमोठी माणसं जमिनीवर बसली, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. त्याचं नाव घेतलं तुम्ही लोकांनी. घरी जाऊन त्याच्या आजोबांना सांगणार आहे मी. मेल्यासारखे बसून असतात हो ते."

मार्सेलाची खुर्ची गॅलरीच्या बरोबर खाली होती. वरून ती दिसतच नसे, आणि पुढे जमिनीवर बसलेल्यांची नुसती डोकी दिसत.

"लुअ‍ॅन, मी..."

"काही बोलू नका आता. सकाळपासून खाली बसून गुडघे धरले असतील तुमचे." लुअ‍ॅन दोन पायऱ्या खाली आली आणि तिने हात पुढे केला. "माझा हात धरा. सावकाश उतरू."

मार्सेलाच्या गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं. तिने हात धरला.