बारा शब्द

माझ्या लॉईडने एक ॲप बनवलं. त्यातून क्रिप्टोचे पैसे कोणी कोणाला पाठवले ते कोणालाच दिसायचं नाही. वापरून बघायला पहिली मीच. "मम्मी, तुला जमलं तर अख्ख्या मरोळला जमेल," म्हणाला. माझ्या खात्याची चावी म्हणून बारा शब्द आले: कोळंबी, खिडकी, मीठ असले. लिहून ठेवायचे नाहीत म्हणून मी रोझरीच्या मण्यांवर पाठ केले. पुढे चोरांनी तेच ॲप वापरलं आणि पोलिसांनी बनवणाऱ्यालाच उचललं. घरात मी एकटीच. रोज संध्याकाळी रोझरी संपली की ते बारा शब्द म्हणते. काल तुरुंगात काचेआडून फोनवर त्याला सांगितलं, "एकही विसरले नाही रे." तो म्हणाला, "ॲप बंद केलं, मम्मी. त्या शब्दांनी आता काहीच उघडत नाही." मी भडकलेच. "नाही तर नाही! ते शब्द सोडले तर संध्याकाळी तुझ्याशी काय बोलू?"