देवीच्या वाराची गोळी

येरमाळ्याच्या मथुराबाईंचा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर भैरवी चक्रावल्या.

“मावशी, लिव्हरला सूज आलीय. संधिवाताची गोळी आठवड्यातनं एकदाच घेता ना?”

“ध्यानात ऱ्हावं म्हणून तुमीच सांगितलं, देवीच्या वारी घ्या. तशीच घेते.”

“म्हणजे मंगळवारी?”

“व्हय. अन् शुक्रवारी. शुक्रवार बी देवीचाच की!”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसूच आलं.

“आता गोळी बंद. लिव्हर सुधारलं की मी सांगेन, तेव्हा खंडोबाच्या वारी घ्यायची. फक्त रविवारी. बरं झालं बाई, आज आलात.”

“यावंच लागलं. घरातल्या गोळ्या पुरल्या नसत्या,” मथुराबाई म्हणाल्या. “सोमवारी घट बसायलेत. मग नऊ दिवस रोजच देवीचे!”