चाळीस चिठ्ठ्या

"तोंडानं पोपटही बोलतो," तारैविनी सिस्टर म्हणाल्या. "लिहून आण. खाली सही आणि तारीख."

अकानिसीचं उत्तर बरोबर होतं. तीन नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या श्वासयंत्राचा अलार्म वाजला होता, दाब वाढल्याचा. तिने नळीतला कफ ओढून काढला, अलार्म थांबला. सिस्टरांनी कारण विचारलं, तेही तिने सांगितलं. दाब वाढला तर नळी तुंबलेली किंवा मुडपलेली, दाब घसरला तर नळी सुटलेली. दोन डॉक्टर आणि म्हाताऱ्याची लेक ऐकत उभे होते. शाबासकी राहिली बाजूला, पदरात पडली ती चिठ्ठी.

सुवा शहरातल्या इस्पितळाच्या त्या अतिदक्षता विभागात सिस्टरांच्या जिभेची सगळ्यांना सवय होती. पण अकानिसीने क्रिटिकल केअरच्या परीक्षेचा अर्ज भरल्यापासून ती जीभ तिच्यावरच चालत होती. प्रत्येक ड्यूटीला एक प्रश्न, तोही चारचौघांत, आणि मग एक चिठ्ठी. बरोबर की चूक, ते सिस्टर कधी सांगत नसत. चिठ्ठी खिशात टाकायच्या आणि पाठ फिरवायच्या.

परीक्षा शंभर मार्कांची. साठ लेखी, चाळीस कामाच्या जागच्या प्रात्यक्षिकाचे. दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं, म्हणजे कामाच्या चाळीसांत वीस हवेतच. ते चाळीस मार्क सिस्टरांच्या हातात होते.

पास झाली तर लौटोका शहरातल्या नव्या विभागाची प्रमुख म्हणून तिची बदली होणार होती. तिची सहा वर्षांची विका तिथेच आजीकडे राहायची. महिन्यातून एकदा पाच तास बसचे धक्के खात अकानिसी जायची, तर पोर पहिला अर्धा तास आजीच्या मागे लपायची. तो अर्धा तास अकानिसीला सोसवत नसे.

"सिस्टर, माझं प्रात्यक्षिक कधी घेणार?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"वेळ मिळेल तेव्हा."

"परीक्षा चार आठवड्यांवर आली."

"मग इथे काय करतेस? चार नंबरची लघवी मोज जा."

जेवणाच्या सुट्टीत मुनेश कारकुनाने रोटीची गुंडाळी सोडता सोडता तिच्या जखमेवर मीठ चोळलं. गडी बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं, पण अख्ख्या इस्पितळाची बित्तंबातमी त्याच्याकडे.

"तुला ठाऊक नाही? सिस्टरबाई दोनदा आपटल्यात याच परीक्षेत. यंदा परत बसणार म्हणे. गावही लौटोकाकडचंच. जागा एक आणि तोंडं दोन! तुझं प्रात्यक्षिक त्या कशाला घेतील?"

"काहीतरीच हं, मुनेश."

"बरं बाई, मी खोटा."

त्याच दुपारी औषधांच्या नोंदवहीवर सही घ्यायला ती सिस्टरांच्या खोलीत गेली. खोली रिकामी होती. टेबलावर परीक्षेचं तेच जाडजूड पुस्तक, पानोपानी खुणा घातलेलं. शेजारी तिच्या चिठ्ठ्या, तारीखवार लावून टाचलेल्या. आणि परीक्षा मंडळाचा पत्ता घातलेलं एक पाकीट.

अकानिसीच्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा चिठ्ठ्या तिने झोप मोडून, मन लावून लिहिल्या होत्या. बाई तिचं आयतं घोटत होत्या, वर चारचौघांत तिची अब्रू काढत होत्या, आणि प्रात्यक्षिक लांबवून तिचा काटाही काढणार होत्या!

अलार्मच्या प्रश्नाची ही एकोणिसावी चिठ्ठी तिने जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटांत खरडली. दाब वाढला तर नळी सुटलेली, दाब घसरला तर नळी तुंबलेली. वळणदार अक्षर, खाली सही आणि तारीख. सिस्टरांनी ती न बघताच खिशात टाकली.

मग तिला चटकच लागली. घरी खरं पाठ करायचं, वॉर्डात उलटं लिहायचं. रोग्याला धोका नव्हता, खाटेपाशी सिस्टरांचा हात कधी चुकत नसे. कागदावरच आपटणाऱ्या बाई त्या, आता तिसऱ्यांदा आपटतील. रविवारी चर्चमध्ये तिने एकदा क्षमा मागायचा प्रयत्न केला, पण सिस्टर पुढच्याच बाकावर बसलेल्या दिसल्या आणि तो विचार तिने सोडून दिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने चाळिसावी चिठ्ठी दिली. शेवटच्या बावीसपैकी एकही बरोबर नव्हती.

लेखी पेपर तिला पाण्यासारखा सोपा गेला. सभागृहात तिने मान वळवून वळवून पाहिलं, सिस्टर कुठेच नव्हत्या. बाईंनी आयत्या वेळी कच खाल्ली, असं तिने मनाशी ठरवलं. प्रात्यक्षिक घेतलंच नाही म्हणून मंडळाकडे करायची तक्रारही तिने लिहून तयार ठेवली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर ती ताठ मानेने गेली.

"काय सिस्टर, काल दिसला नाहीत? पेपरला बसणार होतात ना?"

"मी?" सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिसऱ्या खेपेला का होईना, पास होऊन मला सात वर्षं झाली. हे मुनेशचं डोकं दिसतंय."

अकानिसीने खिशातल्या तक्रारीवर हात ठेवला. "मग माझं प्रात्यक्षिक? ते का नाही घेतलंत?"

"एका दिवसाचं नाटक बघून मी मार्क देत नाही. पुस्तकातून रोज एक प्रश्न काढत होते, तेच तुझं प्रात्यक्षिक. आधी सांगितलं असतं तर तू चिठ्ठ्या पुस्तकातून उतरवून आणल्या असत्यास. काल सगळ्या पाकिटात घालून मंडळाकडे धाडल्या."

"तुम्ही... वाचल्यात?"

"एकही नाही. तुझं माझं पटत नाही हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. उद्या म्हणाली असतीस, सिस्टरनं डूख धरून मार्क कापले. म्हणून तपासायलाही तिकडेच दिल्या." सिस्टर दोन नंबरच्या खाटेकडे वळल्या. "आता तोंड पाडून उभी राहू नकोस. एका चिठ्ठीला एक मार्क. वीस तर कुणालाही पडतात."