नेकेसा आजींची नजर

नेकेसा आजींना एकच धास्ती होती. डोळ्यांच्या तपासणीत आपण नापास झालो, तर चर्चची गायनमंडळी चालवायचं काम आपल्या हातून जाणार. आरोग्यसेवक बरासाने चर्चमध्येच त्यांच्यासमोर मोबाइल धरला. पडद्यावर इंग्रजी ई येई, आणि त्याचे तीन पाय जिकडे, तिकडे आजींनी हात करायचा. बरासाने पडद्यावर त्या दिशेला बोट फिरवलं, की आणखी बारीक ई येई.

आजींना दिसत होतं नुसतं धुकं. पण मागे उभी असलेली त्यांची मंडळी हळूच गुणगुणू लागली. पाय वर असले की उंच सूर, खाली असले की खर्ज. डावीकडे असले की डावीकडच्या बायका, उजवीकडे असले की उजवीकडचे पुरुष. आजींचा हात त्या सुरांबरोबर असा डौलात फिरला, की बघत राहावं.

"आजी, घारीलाही एवढं दिसत नसेल," बरासा म्हणाला. "मग तुम्हाला कशाला हवा चष्मा? तो नापास होणाऱ्यांनाच फुकट मिळतो. आजचे नापास उद्यापासून लख्ख बघतील."

गुणगुण एकदम थांबली. आजी मागे वळल्या.

"मेल्यांनो, आता तोंडं मिटा. बाळा, पुन्हा धर बघू तो फोन."

मंडळीने श्वाससुद्धा रोखून धरला, आणि पहिल्याच मोठ्या ईला नेकेसा आजी अशा थाटात नापास झाल्या, की सगळं चर्च हालेलुया म्हणत नाचू लागलं.