उष्टी घंटी

“बहिऱ्याला घंटी कामून लागती गं?” बन्सीधरशेठ दुकानातून असा ओरडला, की मानवतचा अर्धा बाजार वळून बघायला लागला.

म्हाळसाबाई पायरीखाली उन्हात उभी होती. शेजारी तिचा नवरा सटवाजी. मेंढरं राखणारा माणूस, पण गेल्या साली तापानं त्याचे दोन्ही कान गेले ते गेलेच. तिनं लाजून पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, “ह्येन्ला न्हाई, एडक्याच्या गळ्यात बांधायची हाय.”

“पदर काढ आधी तोंडावरला! का तू बी मुकी हायस?”

चारचौघांत परक्या बाप्यानं बाईला असं बोलावं! तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण गरज तिची होती. उद्या कळप गोदेकाठी हलायचा होता आणि भावकी अडून बसली होती. मेंढक्यानं आपली घंटी आपण निवडायची, ही रीत. सटवाजीला वाजती घंटी निवडता आली तर कळप त्याचा, नाहीतर उद्यापासून धाकटा दीर रायभान मेंढरं हाकणार. मग सटवाजीनं काय, चुलीपुढं बसून राख उकरायची?

तिनं पदर खाली केला. “घंटी मेंढरायनं ऐकायची असती, शेठ! मेंढक्यानं न्हाई!”

तांब्याभांडी बघायला आलेल्या बाया फिसकन हसल्या.

बन्सीधरशेठच्या मुजोरीला औषध नव्हतं. गिऱ्हाइकानं त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. खाली उन्हात उभं राहून, तोंड वर करून मागायचं. निजामाच्या पोलिसातले अमीनसाहेब आले, तर त्यांनाही म्हणे यानं तसंच उभं केलं. दिवस मावळला की फळ्या लावून मोकळा, कंदील म्हणून पेटवायचा नाही. मेला रॉकेल वाचवतोय, असं बाया म्हणायच्या. पण माल असा, की पाथरीपासून पालमपर्यंतची माणसं शिव्या देत का होईना, त्याच्याकडंच यायची.

शेठनं ढिगातली वरची घंटी उचलून सटवाजीच्या अंगावर टाकली. “घे. बहिऱ्याला सगळ्या सारख्याच.”

सटवाजीनं घंटीची कडा दातांत धरली. डोळे मिटले. नखानं टिचकी मारली. कान गेल्यापासून तो असाच ऐकायचा, दातांतून, हाडांतून. म्हाळसाबाईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही यायचा. माणसाला देव एका दारानं अडवतो आणि दुसरीकडून आत घेतो, असं तिला वाटायचं.

त्यानं घंटी पायरीवर ठेवली. “फुटकी हाय.”

“उष्टी केलीस!” शेठ कडाडला. “तोंड लावलेली वस्तू मी परत घेत न्हाई. आता हीच न्यायची. आन् फुटकी म्हनं! ऐका गं तुमीच!” त्यानं धोतराच्या सोग्यात धरून घंटी उचलली आणि जोरजोरात हलवली. तडकलेल्या मडक्यासारखी ती भदभदली. “बघा, कशी खणखणीत हाय!”

बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. खोटं बोलावं, पण इतकं धडधडीत? म्हाळसाबाईचे डोळे भरून आले. ही असली घंटी घेऊन भावकीपुढं जायचं म्हणजे कळप हातानं रायभानला देऊन टाकायचा.

सटवाजी मात्र शेठकडं बघत होता. घंटीकडं नाही, तोंडाकडं. लय वेळ बघत होता. मग तो सरळ पायरी चढून वर गेला आणि शेठच्या समोर उभा राहिला. त्याचे ओठ हलले. म्हाळसाबाई हातभर अंतरावर होती, तिला ब्रसुद्धा ऐकू आला नाही. नुसतेच ओठ.

“कोणती? ती खुंटीवरली?” शेठ ओरडून म्हणाला. “ती लय चांगली हाय, पन तुला...”

आणि तो थांबला.

“अगं बाई,” कडूबाई नावाची एक म्हातारी पुटपुटली, “ह्यो बोलला कवा?”

ऊन. पदर. न पेटवलेला कंदील. शेठ कानानं ऐकतच नव्हता, समोरच्याचे ओठ वाचत होता. एवढ्या मोठ्या बाजारात, इतक्या वर्षांत, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, म्हणतात ते काय उगीच?

सटवाजीनं मनात आणलं असतं तर तिथंच हाळी देऊन अख्ख्या मानवतला सांगितलं असतं. त्यानं सांगितलं नाही. सोग्यातली घंटी अलगद काढून घेतली आणि शेठपुढं धरली. “दातात धरा, शेठ.”

शेठचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं खालच्या बायांकडं पाहिलं. मग मेंढक्यानं उष्टी केलेली ती घंटी, पुसलीही नाही, तशीच तोंडात धरली. सटवाजीनं टिचकी मारली.

शेठचे डोळे मोठे झाले. त्यानं बोटानं खूण केली, आणखी एकदा. सटवाजीनं आणखी एकदा मारली. मग शेठ स्वतःच मारायला लागला, पुन्हा पुन्हा, खेळणं सापडल्यासारखा, आणि डोळ्यांतलं पाणी मिशांवर उतरलं तरी थांबेना. म्हाळसाबाईचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले, देवाला की नवऱ्याला, तिचं तिलाच कळलं नाही.

घंटी दातांत तशीच ठेवून शेठनं खुंटीवरची घंटी काढली आणि दोन्ही हातांनी सटवाजीच्या ओंजळीत ठेवली. मग तोंडातली काढली आणि बोलला. इतकं हळू, की ऐकायला म्हाळसाबाईला पायरी चढून वर जावं लागलं.

“फुटकीच हाय की रं.”